पाठीवरचा हात

दिवाळीत घरी पाहुणे आले की मला दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक, कुणी माझ्या कादंबऱ्यांविषयी विचारील याची. आणि दुसरी, कुणीच विचारणार नाही याची. गेल्या दिवाळीत माझा भाचा आला होता. हैदराबादला तो यंत्रविद्या शिकतो. अंगाने ताडमाड, हाताची बोटे लांबसडक, आणि फराळाच्या ताटाशी त्याचे वैर नाही. चकल्यांचा फडशा पाडता पाडता त्याने मला विचारले, "मामा, तुम्ही बास्केटबॉल बघता का?"

मी म्हणालो, "बघितला आहे. उंच माणसे एका टोपलीत चेंडू टाकतात आणि टोपलीला बूड नसल्यामुळे तो पुन्हा खाली पडतो. एवढा खटाटोप करून शेवटी हातात काही राहत नाही असा एक खेळ."

तो हसला. मामा लोकांचे अज्ञान हे भाच्यांचे मोठे भांडवल असते. मग ओट्यावर बसून, मधूनमधून चिवड्याचे बकाणे भरीत, त्याने मला त्या खेळातली एक गंमत सांगितली. टोपलीत चेंडू टाकणारा तो राजा, हे तर खरेच. पण संघात एक बुटकेला गडी असतो, त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. चेंडू पुढे आणायचा त्याने, कोण कुठे मोकळा आहे ते हेरायचे त्याने, आणि नेमक्या क्षणी नेमक्या हातात चेंडू पोचता करायचा तोही त्यानेच. टाळ्या घेणारा दुसराच.

त्यातला त्याचा लाडका माणूस म्हणजे जॉन स्टॉक्टन. भाच्याच्या जन्माआधीच त्याने खेळ सोडला असावा, पण मुलांची भक्ती सालसनावळी पाहत नाही. हा स्टॉक्टन अमेरिकेतल्या युटा जॅझ नावाच्या एकाच संघाकडून १९८४ पासून २००३ पर्यंत एकोणीस हंगाम खेळला. उंची सहा फूट एक इंच. आपल्या बिलोलीत तो मान वर करून बघण्यासारखा ठरला असता; त्या राक्षसांच्या मेळ्यात मात्र तो शेजारच्या किराणा दुकानदारासारखा दिसायचा. (त्याहून नवल म्हणजे मग्सी बोग्स नावाचा एक गडी केवळ पाच फूट तीन इंचांचा होता, आणि तोही त्याच मेळ्यात चौदा हंगाम टिकला. पाच फूट तीन इंच ही माझी स्वतःची उंची आहे. त्या रात्री मी आरशासमोर थोडा ताठ उभा राहिलो, हे कबूल करतो.)

स्टॉक्टनला विजेतेपद कधीच मिळाले नाही. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याचा संघ अंतिम फेरीत पोचला आणि दोन्ही वेळा मायकेल जॉर्डनच्या शिकागोने त्याला हरवले. तरीही भाचा म्हणाला, "पण मामा, त्याने १५,८०६ असिस्ट केले आहेत. आजवर कुणालाच ते गाठता आलेले नाहीत."

"असिस्ट म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्याने गुण केला तो ह्याच्या पासमुळे, अशी नोंद."

"ती नोंद कोण ठेवतो?"

"मैदानाच्या कडेला टेबलावर माणसे बसलेली असतात ना, ती."

मी हातातला लाडू ताटात ठेवला. दुसऱ्याच्या हातून पार पडलेल्या कामात कुणाचा वाटा होता हे लिहून ठेवण्यासाठी जगात कुठेतरी पगारी माणसे बसतात, ही कल्पनाच मला नवी होती. आमच्याकडे लग्नातल्या आहेराची यादी इतकी काटेकोर ठेवतात. पण एकाने दुसऱ्याला दिलेल्या संधीची यादी कुणी ठेवल्याचे मी पाहिले नाही. पंधरा हजार आठशे सहा! एवढ्या वेळा एका माणसाने हातातली वस्तू दुसऱ्याला दिली आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ते कागदावर उतरवले.

भाचा झोपायला गेला. मी ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो. बास्केटबॉल माझ्या मनातून केव्हाच गेला होता. मनात आला होता तो खो-खो.

हा खेळ वाचकांपैकी बहुतेकांनी अंगाला माती लावून खेळलेला असणार. तरीही शहरात वाढलेल्या मुलांसाठी दोन शब्द सांगतो. दोन खांब, त्यांना जोडणारी एक मधली पाटी, आणि तिच्यावर एकाआड एक उलट दिशांना तोंड करून उकिडवे बसलेले आठ गडी. नववा उभा. तो पाठलाग करतो. पळणाऱ्या संघाचे गडी तिघा-तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. पळणाऱ्यांना बसलेल्यांच्या मधून हवे तसे आरपार जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा एका दिशेने निघाल्यावर खांब गाठल्यावाचून माघारी वळता येत नाही. म्हणजे एकट्याने तो कुणाला पकडू म्हणेल तर जन्मभर धावत बसेल. त्याच्या हाती एकच उपाय. पलीकडे तोंड करून बसलेल्या आपल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवायचा, मोठ्याने 'खो' म्हणायचे, आणि स्वतः त्याच्या जागी बसून जायचे. तो उठतो, धावतो, गडी मारतो. ज्याने खो दिला तो तोवर खाली बसलेला असतो, धुळीत, बहुधा पाठ फिरवून.

बास्केटबॉलच्या पॉइंट गार्डला चेंडू दिल्यावर निदान उभे तरी राहता येते! आमच्या खेळात तर देणाऱ्याने बसलेच पाहिजे असा नियमच आहे. आणि गुणपत्रकावर काय लिहितात? कोण बाद झाला, कुणी केला, किती वेळाने केला. खो कुणी दिला याला रकाना नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने ह्या खेळाला नियमांची चौकट दिली, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे गेली. इतक्या वर्षांत किती लाख खो दिले गेले असतील त्याचा हिशेब मातीलाच ठाऊक.

हे सगळे मला त्या रात्री का आठवावे, याला कारण आहे. ते सांगायला मी ही जागा मागून घेतली आहे.

मी स्वतः शाळेत असताना खो-खो खेळत असे. उंचीने मला खांबाजवळची जागा कधी दिली नाही, पण पायांना वेग होता. मॅट्रिकच्या वर्षी नांदेडला आमचा सामना होता. शेवटचे अर्धे मिनिट उरले होते, मी पाठलागावर होतो आणि एक पळणारा पाटी ओलांडून पलीकडे गेला. माझ्यासमोर पाठ करून आमचा गडी बसला होता. त्याच्या पाठीवर हात ठेवला असता तर तो दोन पावलांत काम उरकता. पण मला वाटले, पळणारा परत माझ्या बाजूला येईल आणि मीच त्याला मारीन. टाळ्या मलाच मिळतील. तो आला नाही. शिट्टी झाली. एका गुणाने आम्ही हरलो. परतीच्या एस.टी.त कुणी मला बोलले नाही, आणि खिडकीबाहेर बघत मी मनाशी ठरवले की पुन्हा असे करायचे नाही. माणूस सोळाव्या वर्षी असे पुष्कळ ठराव करतो.

मॅट्रिक झालो. पुढचे शिक्षण घरच्या ओढगस्तीत राहिले ते राहिलेच. वस्तीशाळेवर निमशिक्षक म्हणून लागलो, आणि मास्तरकीच्या जोडीला कादंबऱ्या लिहू लागलो. आमचा बिलोली तालुका तेलंगणाच्या काठावर. बाजारात अर्धा सौदा मराठीत सुरू होतो आणि तेलुगूत संपतो. मांजरा नदी इथे दोन राज्यांची शीव होऊन वाहते, आणि तिची लाल रेती ट्रकांत बसून लांब लांबच्या शहरांत इमारती बांधायला जाते. रेतीच्या मागोमाग माणसेही जातात. सुगी संपली की पोरेबाळे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे हैदराबादच्या बांधकामांवर निघतात. वर्गातली हजेरी विरळ होते. पटावर नाव राहते, बाकावर मूल राहत नाही.

शाळेला मैदान होते, पण ते काळ्या मातीचे. पावसाळ्यात चप्पल धरून ठेवी, उन्हाळ्यात भेगांत पाय अडके. एके वर्षी गावकऱ्यांना विनवून दोन ट्रॉल्या रेती टाकून घेतली, बाभळीचे दोन खांब तासून पुरले, चुलीतल्या राखेने रेषा आखल्या आणि खो-खो सुरू केला. त्या मैदानावर २००८-०९ च्या सुमारास एक मुलगी होती. तिचे नाव मी इथे घालत नाही. ती आता संसारात आहे आणि नावावर तिचा हक्क आहे.

ती मुलगी पाळीत उभी राहिली की मी फळ्याकडे पाठ करून खिडकीत उभा राही. धावण्यात तिच्यापेक्षा वेगवान दोघी-तिघी होत्या. पण तिचे डोळे! पळणारी कुठल्या बाजूला हूल देणार हे तिला तिच्या खांद्यावरून कळे, आणि नेमक्या पाठीवर नेमक्या क्षणी तिचा हात पडे. तिने खो दिलेली मुलगी उठली की तिच्या पुढ्यात पळणारी आयती सापडलेली असे. गडी मारण्याच्या हिशेबात तिचे नाव फारसे नसे. सगळ्या मुलींना मात्र तीच आपल्या संघात हवी असे. का, ते त्यांना सांगता येत नसे. मलाही आले नसते. ते मला गेल्या दिवाळीत भाच्याने सांगितले.

२००९ साली जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींची निवड-चाचणी होती. निवड झाली तर राहण्याजेवण्याची सोय, शाळा आणि रोजचा सराव. तिचा बाप हैदराबादला निघण्याच्या तयारीत होता. मी त्याला गाठून समजावले. तो भला माणूस. म्हणाला, "गुर्जी, लेकीचं नशीब काढूलालाव तर मी कशाला आडवा येऊ? तिचं झालं तर ऱ्हाऊ द्या तिला. नाही झालं तर संगं नेतो." त्याने अर्जावर अंगठा उठवला. अर्ज शनिवारपर्यंत पोचायला हवा होता. एस.टी.ने नांदेड म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझ्या कादंबरीची मुद्रिते आली.

लिहिणाऱ्यांना हे सांगायला नको. स्वतःचा मजकूर छापील अक्षरांत पहिल्यांदा दिसला की माणसाला दुसरे काही दिसत नाही. तीन रात्री मी कंदील मोठा करून बसलो. (वीज होती, पण तिचे आणि आमच्या वाडीचे फारसे सख्य नव्हते.) शुक्रवारी मुद्रिते तपासून झाली, पाकीट बांधले, बिलोलीला जाऊन पुण्याला रवाना केले आणि मोठ्या समाधानाने चहा प्यालो. शनिवारी सकाळी अर्ज शोधू लागलो. तो कुठेच नव्हता. तीन आठवड्यांनी पुण्याहून एक पत्र आले. प्रकाशकाच्या कार्यालयातल्या कुणीतरी सौजन्याने लिहिले होते की मुद्रितांच्या पृष्ठ ११२ आणि ११३ यांच्या मध्ये सोबतचा कागद सापडला, तो आपल्या कामाचा असावा.

अंगठ्याची निळी शाई तशीच होती.

त्याआधीच तिचा बाप विचारून गेला होता, "गुर्जी, त्या कागदाचं काय झालं?" मी म्हणालो, "यंदा नाही जमलं." वाक्य खोटे नव्हते. कादंबरीकाराला असली वाक्ये चांगली साधतात. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सगळे गेले. मुलीने जाताना शाळेपाशी येऊन खांबाला हात लावला, हे मला शाळेच्या शिपायाने सांगितले. मी झोपलो होतो.

कादंबरी पुढे प्रसिद्ध झाली. बरी गेली.

ह्या गोष्टीवर मी अकरा वर्षे माती टाकून ठेवली होती. २०२० साली ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि ती माती उकरली गेली. सारिका काळे हिला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार. ह्या खेळाला तो सन्मान बावीस वर्षांनी मिळत होता. त्याआधी १९९८ चा शोभा नारायण यांना मिळालेला. आणि ही सारिका कुठली? तेव्हाच्या उस्मानाबादची, आजच्या धाराशिवची, आपल्या मराठवाड्याची. त्या वर्षी साथीमुळे सोहळाही नेहमीसारखा झाला नाही. २९ ऑगस्टला राष्ट्रपतींनी दूरदृश्य पद्धतीने पुरस्कार दिले.

मी ती बातमी तीनदा वाचली. तेराव्या वर्षाच्या सुमारास ती मैदानात आली. वडील शरीराने अधू, त्यामुळे मिळकत बेताची. आई शिवणकाम आणि घरकामे करणारी. घर चाले ते आजी-आजोबांच्या कष्टावर. जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकच वेळचे जेवण जेवून खेळल्याचे तिने सांगितले होते. अशा पोटाने ती भारताच्या संघाची कर्णधार झाली, आणि २०१६ साली गुवाहाटी-शिलाँगच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत तिच्या संघाने सुवर्णपदक आणले. त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तिला मिळाला. पुढे ती सरकारी क्रीडा अधिकारी म्हणून तुळजापूरला रुजू झाली. आई भवानीच्या गावी एक मुलगी, हाती शिट्टी आणि नावापुढे अर्जुन!

पण ह्या सगळ्या चरित्रात माझे डोळे अडले ते एका बारक्याशा ओळीवर. त्याच २०१६ च्या सुमारास घरच्या अडचणींना कंटाळून सारिकेने खेळ सोडायचे ठरवले होते. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. बातमीत हे दोन-तीन ओळींत उरकले होते. त्या ओळींमागे काय असेल ते मास्तराला कळते. कितीदा घरी जाणे, किती चहा, किती गप्प बसणे, किती वेळा परतून येणे. सारिकेने पुढे गडी मारले त्याची नोंद झाली. खो कुणी दिला ते ह्या दोन-तीन ओळींत राहिले. नशीब की तेवढे तरी राहिले.

माझ्या मैदानावरची ती मुलगी सारिकेहून तीनचार वर्षांनी लहान. ती सारिका झाली असती असे मी म्हणत नाही. असे म्हणणे म्हणजे पुन्हा कादंबरी लिहिणे झाले. ती चाचणीतच मागे पडली असती, वसतिगृहात रडून परत आली असती, गुडघा दुखावून घरी बसली असती. काहीही झाले असते. पण ते तिचे झाले असते. मी तिच्यासमोर उभा होतो, तिची पाठ माझ्याकडे होती, आणि माझा हात दुसऱ्याच कागदावर होता.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. १९ तारखेचा अंतिम सामना आम्ही शाळेतल्या मुलांना मोबाइलवर दाखवला. एका फोनभोवती चाळीस डोकी. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, मुलांनी ५४-३६ असे. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचेच. आता ह्या खेळात पैसाही आला आहे. २०२२ पासून व्यावसायिक संघांची स्पर्धा सुरू झाली. एके काळी लंगोटी आणि गूळ-शेंगदाणे यांवर चालणारा हा खेळ गाद्यांवर आणि दिव्यांच्या झगमगाटात गेला, याचे मला दुःख नाही. उपाशी पोटी खेळण्यात काही पावित्र्य आहे असे मला वाटत नाही. ते पोट दुसऱ्याचे असते तेव्हाच आपल्याला ते पवित्र वाटते.

मग जून उजाडला. शाळा सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी मी नवी नावे पटावर घेत होतो. दारात एक बाई उभी राहिली. हाताला नऊ वर्षांची मुलगी.

"गुर्जी, वळखलाव का?"

मी ओळखले. आधी मुलीला ओळखले, मग आईला. तोच उभा राहण्याचा ढंग, एका पायावर भार देऊन, जणू आता निघायचेच आहे.

हैदराबादहून ती परत आली होती. नवरा तिकडेच कामावर, ही सासूच्या दुखण्यासाठी गावी राहणार. मुलीचे नाव तिसरीत घालायचे. दाखला दिला, जन्मतारीख सांगितली, सगळे रीतसर झाले. मुलगी बाहेर मैदानाकडे बघत होती. आई म्हणाली, "खांब बदललाव वाटतं."

"वाळवी लागली होती. आता लोखंडी आहेत."

ती उठली, आणि दाराशी जाऊन थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक इचारू का गुर्जी? तवा माझं नाव का आलं नव्हतं? मी कुठं कमी पडले होते?"

सोळा वर्षे. एवढ्या काळात तिने गवंड्याच्या हाताखाली पाट्या वाहिल्या, सतराव्या वर्षी लग्न केले, लेकरू वाढवले. आणि तो प्रश्न पदराच्या गाठीत बांधल्यासारखा जवळ ठेवला. मला पुष्कळ वाक्ये सुचली. ती सगळी खोटी नव्हती, एवढीच त्यांची लायकी. मी ती गिळली आणि झाले तसे सांगितले. मुद्रिते, पाकीट, पृष्ठ ११२, पुण्याचे पत्र. अर्ज गेलाच नव्हता, हेही सांगितले.

ती रडेल असे मला वाटले, किंवा बोलेल. तिने बोलावे असेच मला वाटत होते. माणसाला शिव्यांनी फार लवकर हलके वाटते. ती काहीच बोलली नाही. मुलगी तिच्या पदराशी चाळा करीत होती, तिचा हात तिने सावकाश बाजूला केला. मग स्वतःशीच बोलावे तसे म्हणाली,

"म्हंजी मी कमी पडले नव्हते."

"नाही," मी म्हणालो. "तू कमी पडली नव्हतीस."

"बरं झालं सांगितलाव."

मैदानाच्या कडेपर्यंत ती गेली आणि पुन्हा परत आली. आता तिने माझ्याकडे नीट पाहिले. "हिचा कवा असा कागद आला गुर्जी, तर माझ्या हाती द्या. मी सोता नांदेडला नेऊन देते."

क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि मी मागितली नाही. ती मागणे म्हणजे तिच्याकडून आणखी एक काम करून घेणे झाले असते. मी फक्त "हो" म्हणालो. शाळेच्या नोंदवहीत मुलीच्या नावापुढे शेऱ्याच्या जागी लिहून ठेवले : 'अर्ज आल्यास आईच्या हाती द्यावा.' माझी उद्या बदली झाली तरी पुढच्या मास्तरला ते दिसावे.

त्या संध्याकाळी मी एक साधी शंभर पानी वही काढली. पट्टीने रेघा मारल्या. कोण बाद झाला, कुणी केला, किती वेळाने केला. आणि चौथा रकाना, खो कुणी दिला. मुलांना सांगितले की आजपासून एका मुलाने खेळायचे नाही, हे लिहायचे. पहिले आठ दिवस त्या कामावर कुणी बसायला तयार होईना. मग त्यांच्या लक्षात आले की चौथ्या रकान्यातली नावे मी शनिवारी प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचतो. तेव्हापासून लिहिणाऱ्यावर फार बारीक नजर असते. "सर, मी खो दिला होता, ह्याने लिहिला नाही," अशा तक्रारी घेऊन मुले माझ्याकडे येतात. गडी मारल्याच्या तक्रारी पूर्वी येत असत. खो दिल्याची तक्रार मी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

त्या तिसरीतल्या मुलीचे नाव चौथ्या रकान्यात फारसे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती आईवर गेलेली नाही. तिला खो द्यायचा धीर नसतो. बाणासारखी धावत सुटते आणि दर वेळी स्वतःच गडी मारायला बघते. अजून लहान आहे. आई कधी कधी पाण्याला जाताना कुंपणाशी थांबते. परवा घागर खाली ठेवून तिने मैदानात हाक दिली, "अगं, पुढं बघ की! तुझ्यापुढं बसलेली दिसत नाही का?"

मुलगी थबकली. समोरच्या पाठीवर तिने हात ठेवला. 'खो' इतका हळू म्हणाली की पंचाने तो धरला नाही.

वही भरत आली आहे. दिवाळीनंतर शाळा उघडली की दोनशे पानी घ्यावी म्हणतो.